उरुसाचे मान लिहून ठेवावेत काय?

गिरणाकाठ

गिरणेच्या खोऱ्यातील आमच्या गावाबाहेर एका पीरबाबांचा दर्गा आहे आणि चैत्री पौर्णिमेनंतरच्या पहिल्या गुरुवारी तेथे उरूस भरतो. दर्ग्याची रोजची सेवा, फातेहा (मृतांसाठीची प्रार्थना) आणि लोभान हे मुजावरांच्या घराकडे आहे. मात्र संदलाच्या, म्हणजे चंदनाचा लेप मिरवत नेण्याच्या, रात्री मजारीवर (कबरीवर) चढणारा पहिला गलेफ (चादर) पाटलांच्या वाड्यातून निघतो, दिव्यांचे तेल तेल्यांच्या एका ठरलेल्या घरातून येते, मिरवणुकीपुढे दिवटी धरण्याचा मान नाभिक घराण्याकडे आहे, आणि संदलाची वाटी डोक्यावर घेणारा माणूस मुजावरांच्याच कुळातला असावा लागतो. चंदन उगाळायला मात्र कोणीही बसू शकते. त्या दिवशी दुपारपासून सहाणेभोवती पोरांची गर्दी असते, कारण गुलाबपाणी घातलेल्या त्या गंधाचा वास हाताला दोन दिवस राहतो.

आता अडचण अशी झाली आहे की जुने मुजावर चाचा वारले आणि त्यांचा मुलगा सुरतेला लूमवर कामाला असतो. पाटलांचे घर नाशकात स्थायिक झाले आहे. गेल्या उरुसात वाड्याकडील मंडळींना यायला उशीर झाला, तेव्हा गावातील तरुण मंडळाने आणलेला गलेफ पहिला चढला आणि वाड्याचा दुसरा. शब्दाने शब्द वाढला नाही, परंतु वाड्यातील आजींनी त्या रात्री प्रसादाचा मलिदा घेतला नाही आणि ही गोष्ट साऱ्या गावाच्या लक्षात आली.

यावर काहींचे म्हणणे असे की सगळे मान एका वहीत लिहून, ग्रामसभेपुढे वाचून, सर्वांच्या सह्या घ्याव्यात. वडीलधारी मंडळी म्हणतात की रिवाज कागदावर आला की तो कोर्टाची पायरी चढतो. माझे मत लिहावे असे आहे, कारण दर्गा सर्वांचा आहे असे नुसते म्हटल्याने तो सर्वांचा राहत नाही. प्रत्येकाला तेथे काहीतरी करायचे असते म्हणून तो सर्वांचा राहतो. आपापल्या गावी काय रीत आहे, ते कृपया सविस्तर सांगावे.

जुनी सनद

महसूल खात्यात आयुष्य गेले, त्यामुळे एक भेद आधीच स्पष्ट करतो. जमिनीचा कागद आणि मानाचा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की तंटा उभा राहतो.

दर्ग्याच्या दिवाबत्तीसाठी दिलेली जमीन असेल, तर तिची नोंद इनामपत्रकात आणि सातबाऱ्यावर सापडते. बहुतेक ठिकाणी देवस्थान इनाम, वर्ग ३, असा शेरा असतो आणि सेवा करणाऱ्याचे नाव वहिवाटदार म्हणून लागलेले असते. अशी जमीन सेवेकऱ्याची खासगी मालमत्ता नसते. ती त्याला विकता येत नाही. १९९५ च्या वक्फ कायद्याखाली नोंदलेल्या जागांचा कारभार वक्फ मंडळाच्या देखरेखीखाली येतो. यातील एक अक्षरही ग्रामसभेच्या वहीत लिहू नका, कारण ग्रामसभेला तो अधिकारच नाही.

परंतु पहिला गलेफ कोणाचा आणि दिवटी कोणाची, हे कोणत्याही सरकारी दप्तरात नसते. ते लिहायचे असेल तर गावानेच लिहायला हवे. माझ्या मते लिहावे, आणि वहीच्या पहिल्याच पानावर स्पष्ट म्हणावे की या नोंदीने जमिनीवर किंवा इमारतीवर कोणाचा हक्क निर्माण होत नाही.

उधना वस्ती

मुजावरांचा मुलगा सुरतेत असल्याने मान तुटत नाही, कारण येथील आमच्या वस्तीतील अर्धी माणसे गावच्या उरुसालाच सुट्टी घेतात आणि दिवाळीला कारखान्यात थांबतात.

तापीतीर

लिहून ठेवणे ही आपल्या भागात नवी गोष्ट नाही, म्हणून थोडा मागचा संदर्भ देतो. खानदेशावर १३८२ ते १६०१ फारुकींचे राज्य होते. नासिरखान फारुकीने तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले, ते शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने, आणि समोरच्या तीरावरील झैनाबाद शेख झैनुद्दीन शिराझी यांच्या नावाने. हे दोघेही चिश्ती परंपरेतले. दोघांच्या मजारी खुलताबादला आहेत. म्हणजे एका सुफीचे नाव राजधानीला आणि दुसऱ्याचे पैलतीराला, अशी आपल्या तापीची रचना आहे.

त्याच बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत राजा अलीखान फारुकीने अरबी लेखासोबत संस्कृत लेखही कोरला आहे. त्यात सृष्टिकर्त्याला वंदन करून शके १५११ चा काल शक आणि संवत अशा दोन्ही गणनांनी दिला आहे. मशिदीच्या भिंतीवर तिथी कोरणाऱ्या राजाला आपली प्रजा कोणती गणना वाचते हे माहीत होते. मला तो लेख पाहताना नेहमी वाटते की सामायिक जागेची नोंद करायची तर ती अशीच करावी, म्हणजे ज्याला वाचायची आहे त्याच्या लिपीत आणि त्याच्या पंचांगाने. गिरणाकाठ यांनी आपली वही मराठीत लिहावीच, पण मुजावरांच्या घरासाठी एक प्रत उर्दूतही करावी.

माहेरवाशीण

वरील यादी वाचली आणि खटकले ते सांगते. गलेफ, तेल, दिवटी, वाटी, हे सगळे पुरुषांचे मान झाले. मलिदा कोण करते, हे कोणी लिहिले नाही.

माझे माहेर पाचोऱ्याकडचे. आमच्याकडे संदलाच्या सकाळी गव्हाच्या जाड पोळ्या भाजायला अकरा घरच्या बायका मुजावरांच्या अंगणात जमतात. चुली तीन, त्यांतली एक कायम मुजावरांच्या सुनेची. पोळी गरम असतानाच कुस्करावी लागते, गार झाली की तिचे तुकडे होतात आणि गूळ मुरत नाही. म्हणून एकजण भाजते, दुसरी परातीत हाताने चुरते, तिसरी किसलेला गूळ आणि तूप घालत जाते, आणि बोटे पोळतात म्हणून चुरणारीला मध्ये मध्ये बदलतात. या वेळी कोणाच्या हाताखाली कोण बसली आहे, हे कोणी पाहत नाही. वर्षातील एरवीच्या दिवशी ते पाहिले जाते, हेही मी लपवत नाही.

आमच्या दर्ग्यात बायका मजारीच्या खोलीत जात नाहीत, उंबऱ्याबाहेरून दर्शन घेतात. ती रीत असावी की नसावी, हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण जिला आत जाता येत नाही तिच्या हातचा मलिदा आत जातो, तेव्हा वहीत तिचे नाव असलेच पाहिजे. आजींनी मलिदा घेतला नाही म्हणजे नेमके काय झाले, हे गावातल्या बायकांना लगेच कळले असणार. पुरुषांना कदाचित दुसऱ्या दिवशी कळले असेल.

गिरणाकाठ

ताई, आपण म्हणता ते खरे आहे. आमच्याकडेही हे काम तेली आणि मुजावर यांच्या घरच्या बायका मिळून करतात आणि कोणाच्याही बोलण्यात त्याला मान असे म्हणत नाहीत. ही नोंद वहीत येईल.

नंदनगरी

मी नंदुरबारचा मुसलमान आहे आणि या चर्चेत एक बाजू राहून जात आहे असे मला वाटते.

उरूस, गलेफ, संदल यांना आमच्यातही सर्वांची संमती नाही. माझे सख्खे मामा म्हणतात की कबरीवर चादर चढवणे दीनमध्ये, म्हणजे धर्मात, बसत नाही. ते दर्ग्यावर फातेहा पढतात आणि मिरवणुकीला येत नाहीत. दुसरीकडे माझे वडील संदलाच्या दिवशी मोरपिसांचा कुंचा हातात घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर फिरवतात, त्यांत लेवा असतात, गुजर असतात, भिल्ल असतात. वडील आणि मामा एकाच ताटात जेवतात. तेव्हा तुमच्या वहीत ज्यांना मान नको आहे, त्यांनाही जागा असावी. सही केली नाही म्हणून कोणी गावाविरुद्ध आहे, असे समजले जाऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक मनापासून सांगतो. अशा दर्ग्यांचे कौतुक करताना ऐक्याचे प्रतीक हे शब्द वारंवार येतात. मुजावराच्या घरच्या माणसाला मात्र पहाटे उठून झाडू मारायचा असतो, तेल पाहायचे असते, पावसाळ्यात घुमटाची गळती थांबवायची असते. वर्षातून एका रात्री भाषणे होतात आणि उरलेल्या दिवसांचा खर्च एक कुटुंब उचलते. सुरतेला गेलेला मुलगा मान सोडून गेलेला नाही. त्या मानावर घर चालत नाही म्हणून गेला आहे. वहीत मान लिहाल तेव्हा समोर वाटाही लिहा: चुना कोणाचा, वीजबिल कोणाचे, लोभान कोणाचे.

जुनी सनद

या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे असे मी समजतो. जुन्या काळी इनाम जमीन याच खर्चासाठी दिलेली असे. जमीन राहिली नाही किंवा पिकत नाही, आणि सेवा तेवढी राहिली, अशी स्थिती मी अनेक गावांत पाहिली आहे.

कानिफभक्त

क्षमा असावी, पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. यातील बरीच स्थाने आधी नाथपंथाची होती, असे आमच्याकडे परंपरेने सांगतात. मग ते तसेच लिहायला नको का? मान लिहायचे आणि मूळ लिहायचे नाही, हे मला अपुरे वाटते.

तापीतीर

आपला प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून तसेच उत्तर देतो. कल्याणजवळच्या हाजी मलंग गडावर हेच दोन्ही दावे आहेत. तेथे मुसलमान हाजी अब्दुल रहमान मलंग म्हणून जातात, अनेक हिंदू मच्छिंद्रनाथ म्हणून जातात, आणि वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे राहिली. उत्सव माघ पौर्णिमेला भरतो. मुळाविषयी एकमत झाले म्हणून तेथे इतकी वर्षे पूजा आणि फातेहा चालली नाही. मुळाविषयी मत न विचारता कामे वाटून घेतली म्हणून चालली. ज्या दिवसापासून मुळाचा प्रश्न पुढे आला, त्या दिवसापासून गडावर बंदोबस्त वाढला.

कायद्यानेही १९९१ मध्ये हाच मार्ग धरला: १५ ऑगस्ट १९४७ रोजी प्रार्थनास्थळाचे जे धार्मिक स्वरूप होते, तेच कायम राहावे. गावाच्या वहीने इतिहासाचा निवाडा करू नये, असे मला ठामपणे वाटते.

कानिफभक्त

आपले उत्तर मी समजून घेतले, तरी पूर्ण पटले असे म्हणणार नाही. परंपरा सांगण्याची मोकळीक असावी, एवढे माझे म्हणणे कायम आहे. ते वहीत नको असेल तर नसो.

केळीबाग

यावल-रावेर भागातील एक उदाहरण देतो, जे दोन्ही बाजूंनी वाचता येईल. आमच्याकडील कित्येक लेवा पाटीदार आणि गुजर घराणी सतपंथाची आहेत. फैजपूरला त्यांची गादी आहे. या पंथाचे मूळ स्थान अहमदाबादजवळील पिराणा येथे, म्हणजे इमामशाह बावांच्या रोज्यावर (कबरीच्या वास्तूवर). हिंदू पाटीदार अनुयायी आणि इमामशाहांच्या वंशातील सय्यद असे दोघेही तेथे आपले नाते सांगतात. १९३९ साली तेथील कारभारासाठी न्यायालयीन योजना तयार झाली आणि विश्वस्तांमध्ये सतपंथी व सय्यद या दोन्ही बाजूंना स्थान मिळाले. म्हणजे सगळे लेखी होते. तरीही वाद मिटले नाहीत आणि अलीकडेही प्रकरणे न्यायालयात गेली.

माझ्या आजीला यातील काहीच ठाऊक नव्हते. ती पिराण्याला जाऊन आली की घरातल्यांना प्रसाद देई आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना त्याविषयी फारसे सांगत नसे. आता घरात तरुण मंडळी विचारतात की आपण नेमके कोण. हा प्रश्न विचारण्यात गैर नाही, परंतु कागदाने त्याचे उत्तर मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. कागदाने फार तर खुर्च्यांची संख्या ठरते.

धुळे खोलगल्ली

केळीबाग यांचे म्हणणे मला अर्धेच मान्य आहे. धुळ्याच्या मानाच्या खुनी गणपतीची हकिकत सर्वांना माहीत असेल. १८९५ मध्ये मिरवणुकीवरून मशिदीपाशी दंगल झाली, गोळीबार झाला, माणसे मेली, आणि गणपतीला आणि मशिदीला दोघांनाही ते नाव चिकटले. आज तीच पालखी त्याच मशिदीपुढे थांबते आणि मुस्लिम बांधव फुले उधळून तिचे स्वागत करतात.

येथे सलोखा भांडण न झाल्यामुळे आलेला नाही. मोठे भांडण झाले, त्यानंतर लोकांनी कोठे थांबायचे आणि कोणी काय करायचे हे ठरवले, आणि ते दरवर्षी पाळले. गिरणाकाठ यांच्या गावात तर गलेफाचा क्रम चुकण्यापलीकडे काही झालेले नाही. एवढ्यावरच बसून ठरवता येत असेल, तर यापेक्षा चांगली वेळ कोणती?

पंचांगवाले

एक शंका विचारतो. उरूस चैत्री पौर्णिमेनंतर कसा? पीराची पुण्यतिथी हिजरी महिन्याने धरतात. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ती तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते.

गिरणाकाठ

आमच्याकडे दोन्ही आहेत. हिजरी तारखेला मुजावरांच्या घरी कुराणखानी (कुराणपठण) होते आणि घरापुरते जेवण होते. गावाचा उरूस मात्र गहू-हरभरा घरात आल्यावर, लोकांच्या हाती पैसा असताना भरतो. हे कोणी ठरवले ते कोणाला सांगता येत नाही, पण दोन्हींत कधी वाद झाला नाही.

देऊळघाट

आम्ही सीमेपलीकडचे, बुलढाणा जिल्ह्यातले. आमच्या सैलानी बाबांची यात्रा होळीला भरते, नारळांची मोठी होळी पेटते आणि पुढे रंगपंचमीच्या सुमारास संदल निघतो. जळगाव-धुळ्याकडील गाड्याच्या गाड्या तेथे येतात. शिर्डीतही रामनवमीच्या उत्सवात संदलाची मिरवणूक आहे, आणि त्या उत्सवाची सुरुवात १८९७ मध्ये उरूस म्हणूनच झाली होती. तेव्हा पौर्णिमेचा उरूस पाहून पंचांगवाल्यांनी आश्चर्य मानू नये.

पंचांगवाले

शंका फिटली. मग दोन्ही तारखा वहीत लिहाव्यात, म्हणजे पुढच्या पिढीतील कोणी एक खरी आणि दुसरी खोटी असे म्हणणार नाही.

चाळीसगाव स्टेशन

आमच्या पीर मुसा कादरी बाबांच्या उरुसात तलवारीची मिरवणूक असते आणि ती पाहायला दोन्ही समाजांची गर्दी लोटते. लहानपणी आम्हांला एवढेच सांगितले होते की पीर आपला गावना शे, त्याना पाया पडाले जावानं. तेवढ्या सांगण्यावर आमची पिढी दर्ग्यात गेली. लिहिण्याला माझा विरोध नाही, परंतु घरातील म्हाताऱ्या माणसाने पोराला बोट धरून नेणे बंद झाले, तर वही कपाटात राहील.

नंदनगरी

तरुण मंडळाविषयी कोणी बोलले नाही. त्यांनी गलेफ आणला तो रागाने आणला नव्हता; मजार उघडी राहू नये म्हणून आणला असेल. त्यांना काय मान देणार आहात? ज्यांच्या हाताला काही काम नाही ते दर्ग्यापासून लांब जातील, किंवा दुसऱ्या कोणाच्या कामाला लागतील.

माहीमच्या दर्ग्यावर मुंबई पोलिसांचा मान आहे. तो काही पीरबाबांच्या हयातीपासून आलेला नाही, मागाहून मिळाला आणि आता कोणाला वावगा वाटत नाही. नवा मान देता येतो.

गिरणाकाठ

सर्वांचे वाचून, आणि मध्यंतरी गावी जाऊन आल्यावर लिहीत आहे. मुजावर चाचांचा मुलगा सुरतेहून आला होता. वाड्यातील आजींकडे तो आणि मंडळाची दोन पोरे असे तिघे मिळून गेले. आजींनी त्यांना आधी विचारले की घुमटाची गळती कोणी पाहिली का. कोणी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी मंडळाची पोरे शिडी लावून वर चढली.

वहीविषयी ठरले ते असे. पहिला गलेफ वाड्याचाच राहील. वाड्याचे माणूस इशाच्या (रात्रीच्या) नमाजेपर्यंत पोहोचले नाही, तर मुजावरांनी तो वाड्याच्या नावाने चढवायचा, आणि त्यासाठी एक गलेफ दर्ग्याच्या पेटीत आधीच ठेवलेला असेल. घुमटाची डागडुजी आणि चुना हा मंडळाचा मान म्हणून लिहिला जाईल, आणि संदलाच्या मिरवणुकीत त्यांची जागा दिवटीच्या मागे असेल. वीजबिल ग्रामपंचायतीने भरावे असे काहींनी सुचवले, परंतु त्याला तेथेच हरकत निघाली, म्हणून त्यासाठी घरटी वर्गणी निघेल. मलिदा करणाऱ्या घरांची नावे बायकांनीच सांगायची आहेत. हिजरी तारीख आणि पौर्णिमा दोन्ही लिहिल्या जातील. जमिनीचा उल्लेख नसेल. मुळाविषयी काहीही नसेल. ज्यांना सही करायची नाही, त्यांना कारण विचारले जाणार नाही.

एकच गोष्ट अडली आहे. वही ठेवायची कोठे? वाड्यात ठेवली तर मुजावरांकडचे काही जण नाराज होतील, दर्ग्यात ठेवली तर वाडा, आणि ग्रामपंचायतीत ठेवली तर दर पाच वर्षांनी प्रश्न येईल.

जुनी सनद

तीन प्रती करा, तिन्हींवर सर्वांच्या सह्या घ्या, आणि दरवर्षी संदलाच्या आदल्या दिवशी तिन्ही शेजारी ठेवून वाचा. एकीत खाडाखोड झाली तर दुसऱ्या दोन बोलतील.

माहेरवाशीण

चौथी प्रत मलिदा करणाऱ्या घरांपैकी एकीकडे ठेवा, आणि दरवर्षी घर बदला.

गिरणाकाठ

चार प्रती करतो. उर्दू प्रतीसाठी नंदनगरी यांचे वडील मदत करतील काय, हे त्यांना विचारून कळवावे, म्हणजे पावसाळ्याआधी सह्या होतील.